खड्यातला कोळी

ती घटना आजही आठवते, आणि आठवायला मला फार निमित्त लागत नाही. नातीच्या हातात पिवळी लिमलेटची गोळी दिसली तरी पुरतं. चोरीला गेलेली वस्तू साधारण तेवढीच होती आणि रंगही तोच. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, त्यांतलं पुष्कळसं आता डोक्यातून गेलं. हे प्रकरण जात नाही. कागदावर बघाल तर माझ्या सगळ्यात स्वच्छ तपासांपैकी हा एक आहे. आरोपी निष्पन्न झाला, मुद्देमाल हस्तगत झाला आणि वरिष्ठांनी पाठही थोपटली. ती थाप अजून पाठीला खुपते.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस. सकाळची हजेरी झाली होती, कोठडी तपासून झाली होती, गस्तीवरून आलेली माणसं डोळे चोळत घरी निघाली होती. तेवढ्यात वारूळवाडीचे एक टेलर त्यांच्या मुलीला घेऊन आले. आमच्या ठाण्यातल्या दोघातिघांचे गणवेश त्यांच्याच हातचे, त्यामुळे सगळे ओळखत. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काळा चष्मा लावलेला. मुलगी पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. वडिलांच्या ऑपरेशनसाठी सुट्टी काढून आली होती आणि संशोधनाचं काम सोबत घेऊन आली होती.

"काय गेलं?" मी विचारलं.

"स्पायडर," त्या म्हणाल्या.

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. पोलिसांकडे येणारा माणूस आधीच अवघडलेला असतो. त्याच्यासमोर हसलं की तो अर्धं सांगतो आणि उरलेलं घरी घेऊन जातो.

बाईंनी लॅपटॉप उघडून फोटो दाखवला. मधाच्या रंगाचा एक तुकडा आणि त्याच्या बरोब्बर मध्ये तो. पायांवरचे केससुद्धा मोजता आले असते. पुढचे दोन पाय उचललेले, कुणी हात वर करून गाडी थांबवावी तसे. मी त्याला एवढाच पाहिला, फोटोत.

"हा जिवंत होता तेव्हा माणूस नावाचा प्राणी जगात नव्हता, साहेब," त्या म्हणाल्या. "काही कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. झाडाचा चीक ओघळला, त्यात हा अडकला आणि त्या चिकाचा दगड झाला, त्यालाच अंबर म्हणतात. गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीत मिळाला. याची जातच्या जात संपलेली आहे. ह्या जातीचा दुसरा नमुना अजून जगात कोणाला सापडलेला नाही."

"बाजारात याला काय येईल?"

"काही नाही. तुम्ही रस्त्यात टाकलात तर कोणी उचलणारही नाही."

मग एवढी धावपळ कशासाठी, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्यांनी ते न विचारता सांगितलं. नव्या जातीचं वर्णन जो पहिल्यांदा छापतो त्याने तिला नाव ठेवायचं, असा त्यांच्या शास्त्रात नियम आहे. पण त्यासाठी खरा नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. कोणालाही केव्हाही जाऊन तो तपासता आला पाहिजे. नुसते फोटो चालत नाहीत. नमुना नाही तर जात नाही आणि जात नाही तर नावही नाही. एकदा नाव लागलं की मात्र जगातल्या सगळ्या पुस्तकांत तेच राहतं.

"आईचं नाव ठेवणार होते," त्या म्हणाल्या.

त्यांची आई नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला जायची. त्या मजुरीवर ही मुलगी पुण्याला शिकली. आई वारली तेव्हा मुलीचं संशोधन अर्ध्यात होतं. घर वडिलांच्या नावावर, लाइटचं बिल वडिलांच्या नावावर. आईचं नाव मजुरांच्या हजेरीपलीकडे कुठे लागलेलं नव्हतं. लेख छापून आला की तो घरात सगळ्यांसमोर ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तोवर वडिलांखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. हे बोलणं चाललेलं असताना टेलरबाबांनी चष्मा काढला आणि ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायचा नसतो हे विसरून डोळा पुसला. मुलीने त्यांचा हात धरून खाली घेतला.

फिर्याद लिहिणारे आमचे ठाणे अंमलदार शुद्ध मराठीचे मोठे भोक्ते होते. त्यांनी बाईंना विचारून विचारून शास्त्रीय शब्द घेतले आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'अंबरमधील अष्टपाद जीवाश्म'. तेच शब्द असलेला कागद तालुक्यातल्या सराफांना आणि कारागिरांना वाटला. आम्ही आपसात बोलताना 'स्पायडर केस' म्हणायचो. म्हणजे लिहायला एक शब्द, बोलायला दुसरा. तालुक्यातला माणूस ज्याला कोळी म्हणतो, त्याला कोळी म्हणायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या ठाण्यात त्या दिवसांत 'तो कोळी' म्हटलं की एकच माणूस समोर यायचा. आंबेगावच्या डोंगराकडच्या एका वाडीतला महादेव कोळी समाजाचा एक मजूर बेपत्ता होता. डिंगोऱ्याला शेततळं खणायच्या कामावर होता, मुकादमाशी भांडण झालं आणि तिथून तो गायब झाला. मिसिंगची नोंद होती, फोटो चिकटवले होते, मुकादमाला दोनदा बोलावून झालं होतं. त्याची बायको दर बाजाराच्या दिवशी येऊन बाहेरच्या बाकावर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिला बघून हवालदार लोक एकमेकांना विचारायचे, "त्या कोळ्याचं काही कळलं का?"

इकडे चोरीचा तपास सुरू केला. घर पाहिलं. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली जागेवर, बाकी कशालाही हात लागलेला नाही. कुलूप न तुटता वस्तू गेली की आधी घरातली माणसं बघायची. घरात चौघं होती. टेलरबाबा, ही मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ द्राक्षबागांना आणि पॉलिहाऊसला लोखंडी सांगाडे उभे करून द्यायची कामं घ्यायचा. बायको डिंगोऱ्याची, पोटुशी होती. याआधी तीनदा तिचं पोट राहून गेलेलं होतं, म्हणून घरात सगळे तिला जपत होते.

भावाला मी त्याच्याच ओट्यावर विचारलं.

"ताईचं सामान आमी हातात बी घेत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "काचंचं लई असतंय."

खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, म्हणून मी थोडा फसलो. पण एक गोष्ट खटकली. ज्याला पोलिसांची भीती असते तो पोलिसांकडे बघतो. हा बापाकडे बघत होता. बाप आत शिलाई मशीनजवळ बसला होता, मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि हा प्रत्येक उत्तराच्या आधी तिकडे नजर टाकून येत होता. मी ते डोक्यात ठेवलं. हाताशी पुरावा काही नव्हता आणि घरात पोटुशी बाई. चौकीत आणून बसवावं असं वाटलं नाही.

मग एक दिवस दुपारी फोन आला. ठाण्यातल्या फोनवर दुपारी येणाऱ्या निम्म्या फोनांना काही अर्थ नसतो. हवालदाराने जांभई देतच उचलला आणि पुढच्या क्षणी ताठ झाला. पलीकडून कोणी म्हातारा घाईघाईत बोलत होता. हवालदाराने जसंच्या तसं मला सांगितलं:

"भाऊ, त्यो कोळी घावला. डिंगोऱ्याच्या पावण्याच्या खड्ड्यात हाय. मेल्याला. आजच्या आज या, न्हाईतर उद्या कापायचाय त्याला. माझं नाव नगं, पावण्याला कळलं तर बरं दिसायचं न्हाई."

आणि फोन बंद. नंबर दिसत होता, परत लावला तर लागेना.

आता तुम्हीच सांगा, आमच्या जागी कोणी काय समजला असता? बेपत्ता माणूस, डिंगोरे, खड्डा, मेलेला, आणि उद्या त्याला कापून विल्हेवाट लावणार.  स्टेशन डायरीला नोंद टाकली, मुकादमाला उचलला, पंच घेतले, तहसीलदारांना कळवलं, जेसीबी मागवला आणि सगळा लवाजमा डिंगोऱ्याला निघाला. ओळख पटवायला हवी म्हणून त्या मजुराच्या बायकोलाही गाडी पाठवून आणलं.

शेततळं एव्हाना पुरं होऊन भरलेलं होतं, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. शेतकरी हात जोडून म्हणत होता, "साहेब, कागद नवा हाय ओ, फाडू नका." कागद फाडला. पाणी सोडलं. मुकादम घामाने भिजला होता आणि त्याच्या घामाकडे बघून माझी खात्री वाढत होती. घामावरून खात्री करू नये, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे. त्या दिवशी मलाच कोणी सांगायला नव्हतं. सगळं गाव भोवती उभं होतं. ती बाई काठावर बसली होती आणि जेसीबीचा दात मुरमात शिरला की डोळे मिटत होती. एकदा हाडं लागली. जेसीबी थांबवला. वासराची निघाली.

अंधार पडायच्या आधी काम थांबवलं. ती बाई उठून माझ्याकडे आली.

"न्हाई ना त्यात?" तिने विचारलं. "मंग जिता हाय का, साहेब?"

 हे इथेच सांगून टाकतो, की तो जिवंत होता. मुकादमाला वैतागून राजुरीला एकाच्या मळ्यात कामाला राहिला होता आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून गप्प होता. डिंगोऱ्याच्या गडबडीची बातमी ऐकून स्वतःच्या पायाने आला. त्याच्या बायकोने ठाण्यातच त्याच्या पाठीत दोन धपके घातले आणि मग त्याला धरून रडली. त्या सगळ्या प्रकरणात आनंदाचं काही झालं असेल तर तेवढंच.

दुसऱ्या दिवशी माझा पारा चढलेला होता. पोलिसांना खोटी माहिती देऊन राबवणाऱ्याला सोडायचं नाही, असं ठरवलं. नंबर जुन्नरच्या पेठेतल्या एका चहावाल्याचा निघाला. त्याने समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे अंगठीत खडे बसवणारा एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याने फोन मागून घेतला होता. म्हाताऱ्याला ठाण्यात आणला. तो घाबरलेला नव्हता. उलट थोडा रागावलेला वाटला.

"कोणाला मेलेला पाहिलास?" मी विचारलं.

"कोळ्याला."

"कुठे?"

"खड्यात. फोनवर सांगितलं की."

"तो खड्डा आम्ही दिवसभर उपसला. वासराच्या हाडांशिवाय काही नाही तिथे. पोलिसांची चेष्टा करतोस?"

म्हाताऱ्याने कपाळाला आठी घातली. मग सावकाश म्हणाला, "खड्डा कशाला उपसला, राव? खडा म्हणलो मी. आंगठीचा खडा. पिवळा."

 फोन घेतलेला हवालदार दारात उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. खड्यात आणि खड्ड्यात. फोनवर, घाईत, म्हाताऱ्या तोंडातून, यातला फरक कोणाच्या कानाला कळणार?

"आणि कोळी?" मी विचारलं, पण मला उत्तर कळलं होतं.

"आठ पायाचा. तुमीच कागद देऊन गेला व्हता ना? त्यात काय लिवलेलं, अष्टपाद का फिष्टपाद. मला काय कळतंय त्यातलं. मी पाकिटात ठिवून दिला कागद. मंग एक मास्तर आलं आंगठी सैल करायला, त्यांनी वाचला. म्हणलं, आरं, अष्टपाद मंजी कोळी. मी म्हणलं, आयला, त्यो तर माझ्याकडंच पडलाय. लगीच फोन केला."

"कुठे आहे तो आता?"

म्हाताऱ्याने खाली बघितलं. "कापला."

मी खुर्चीत मागे टेकलो. तो सांगत होता ते ऐकू येत होतं, पण कुठून तरी लांबून. डिंगोऱ्याचा म्हणून एक तरुण पावणा खडा घेऊन आला होता. त्याला ज्योतिषाने पुष्कराज घालायला सांगितला होता, गुरू बळकट व्हावा म्हणून. पुष्कराज त्याला परवडणारा नव्हता, हा पिवळा खडा घरात होता. पण ज्योतिषाने बजावलं होतं की खड्यात डाग नको, जाळं नको, आणि मेलेला जीव तर नकोच नको, उलटं फळ मिळतं. म्हणून पावण्याने सांगितलं, मधला कोळी काढून टाका, बाजूचा स्वच्छ भाग निघेल तेवढ्याचा खडा करा.

"दोष काढून द्या म्हणला," म्हातारा म्हणाला. "तुमी येताल म्हणून दीस बुडंस्तवर थांबलो मी. न्हाई आला. सकाळी पावणा सवता येऊन बसला, आजच्या आज पायजे. मला वाटलं, पोलिसाला नगं आसंल. मंग लावला सानेच्या चाकाला, मधला कोळ्याचा भाग घासून काढला."

म्हणजे आम्ही डिंगोऱ्याहून परतून हातपाय धुतले, त्यानंतरच्या सकाळी तो कापला गेला. ती अख्खी रात्र तो कोळी शाबूत होता आणि पेठेत एका लाकडी फळीवर पडला होता. हा विचार मी किती वेळा केला असेल सांगता येत नाही. चूक कोणाची म्हणून शोधायला गेलं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. एखादा हलगर्जी माणूस सापडला असता तर त्याच्यावर ओरडून मोकळा झालो असतो.

दुकानाचा पंचनामा केला. अंगठी तयार होती, खडा खालून बोटाला टेकावा म्हणून तळ उघडा ठेवलेला. तुकड्याचा दुसरा स्वच्छ भाग पुडीत होता. पावणा अंगठी न्यायला परत आलाच नव्हता. सानेखाली एक तसराळं होतं, त्यात घासलेल्याचा गाळ पाण्यात बसला होता. तोही बाटलीत भरून सील केला. पंचांना वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं.

म्हाताऱ्याकडे पावण्याचा नंबर होता. तो टेलरबाबांच्या मुलाचा निघाला. सासुरवाडीचं गाव आपलं म्हणून सांगितलं होतं.

त्याला एकट्याला बोलावून घेतला. अंगठी टेबलावर ठेवली. त्याने एकदा बघितली आणि लगेच कबूल केलं. मी काही विचारायच्या आधी म्हणाला, "साहेब, चोरी केली म्हणून सांगा आमच्या बाबांना. पायजे तर मारा मला. फकस्त जोतिषाकडं गेल्तो ते सांगू नका."

बापाकडे जाणारी त्याची नजर मला तेव्हा उलगडली. त्या घराने धम्म स्वीकारला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. टेलरबाबांच्या वडिलांनी घरातले देव, ताईत, गंडे सगळं बाहेर काढलं आणि तेव्हापासून त्या घरातलं कोणी ज्योतिषापुढे बसलं नव्हतं. बापाला चोर मुलगा सहन झाला असता, पत्रिका दाखवणारा झाला नसता, असं त्याला वाटत होतं. आणि त्याला दुसरीकडून बायकोचं दुःख दिसत होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून ज्योतिषाकडे गेला, त्याने मूल टिकायला खडा सांगितला म्हणून खडा शोधला. बाळंतपण होईपर्यंत उसना घ्यायचा आणि मग ठेवून द्यायचा, असा त्याचा हिशेब होता. ताईला कळणारही नाही असं वाटलं होतं.

"अंगठी न्यायला का नाही गेलास?"

"कशाला नेऊ?" तो म्हणाला. "ज्या दिवशी खडा तयार झाला त्याच दिवशी बायकूला दवाखान्यात न्यावं लागलं. ऱ्हायलं न्हाई पोट."

मी पोलीस आहे, मला रडणारे आरोपी नवे नाहीत. हा रडला नाही. 

त्याच्या बहिणीला आत बोलावणं माझ्या कामाचा भाग होतं. मुद्देमालाची ओळख फिर्यादीने पटवायची असते. त्यांनी अंगठी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग पुडीतला तुकडा धरला. दोन्ही आरपार स्वच्छ होते, त्यांतून पलीकडचं चिंचेचं झाड पिवळं दिसत होतं.

"कापलं तेव्हा तू तिथे होतास?" त्यांनी भावाला विचारलं.

"व्हतो."

"तोवर अख्खा होता?"

"ताई, एवढासा कोळी त्यो," भाऊ काकुळतीला येऊन म्हणाला. "आपल्या घरात रोज झाडूनं काढतो आपण. मला काय ठावं? मला वाटलं, खडा म्हत्त्वाचा."

"आईचं नाव ठेवणार होते त्याला."

भावाला कळेना. "कुनाच्या आईचं?"

"आपल्या."

तो उभा होता तो भिंतीला धरून खाली बसला. बाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत. अंगठी टेबलावर ठेवून त्यांनी मला विचारलं, "सही कुठे करायची?"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. नमुना कॉलेजच्या ताब्यातला होता. बाईंनी सगळा दोष स्वतःवर घेतला, वस्तू घरी न्यायला नको होती असं लिहून दिलं. कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली आणि भाऊ सुटला. ज्योतिषाची गोष्ट मी बोललो नाही, तरी ती टेलरबाबांना कळलीच. गावात अशा गोष्टी कळायला पोलीस लागत नाहीत. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही. फक्त त्याच्याशी बोलायचं बंद केलं, आणि थोड्या दिवसांनी तो बायकोला घेऊन डिंगोऱ्याला राहायला गेला.

मुद्देमाल परत देण्याच्या दिवशी बाई आल्या. अंगठी आणि तुकडा त्यांनी घेतला, कॉलेजला परत करायचा म्हणून. मग मुद्देमाल कारकुनाला विचारलं, "तो गाळ कुठे आहे?"

कारकून म्हणाला, तो निरुपयोगी म्हणून नष्ट करायच्या यादीत आहे. मी यादी थांबवली आणि बाटली त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

त्यानंतर एकदा त्यांचा फोन आला. आवाज घाईचा होता. गाळातला थेंब थेंब त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या आणि त्यात काहीतरी दिसलं होतं, पायाचा एक सांधा असावा, त्यावर केसही आहेत असं वाटतंय. एवढा एक सांधा जरी मिळाला तरी काही लिहिता येईल का, हे त्या मला विचारत होत्या. मला त्यातलं काय कळणार? पण मी म्हणालो, बघा, बघा, सोडू नका. संध्याकाळपर्यंत मी उगाच खुशीत होतो. घरी बायकोलाही सांगितलं.

नंतर मीच फोन केला. "सूत होतं," त्या म्हणाल्या. "खडा पुसायच्या फडक्याचं."

 

ह्या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं विचारतात. प्रशिक्षण केंद्रात व्याख्यानाला बोलावलं की मी सांगतो, लोक जो शब्द बोलतात तो फिर्यादीत लिहा. साहेबाला आवडेल तो लिहू नका. आणि खड्याची नि खड्ड्याची गोष्ट सांगतो. वासराची हाडं निघाली इथपर्यंत आलो की पोरं पोट धरून हसतात. मी तिथेच थांबतो. शिकवण त्यांना मिळालेली असते, पुढचं सांगून करायचं काय? कारण खरं तर पुढे शिकवण नाहीच. शब्द चुकला नसता तर तो वाचला असता, एवढंच खरं आहे, आणि ते कळून आता काही परत येत नाही. चोरीला कलम आहे, खुनाला कलम आहे. एक अख्खी जात कोट्यवधी वर्षं वाचून आमच्या तालुक्यात येऊन एका सकाळीत संपली, त्याला कुठलं कलम लावणार? मी पुष्कळ शोधलं. शोधण्यात काही अर्थ नव्हता, तरी शोधलं.

जाता जाता एक सांगतो. अशा आठवणी लिहिताना आम्ही पोलीस लोक कोणाचं नाव लिहीत नाही. फिर्यादी असो, आरोपी असो, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. हाही लेख मी तसाच लिहिला. पण टोमॅटो निवडणाऱ्या त्या बाईंचा विषय आला तेव्हा पेन थांबलं. त्यांचं नाव मला माहीत आहे. चांगलं, जुन्या वळणाचं, तीन अक्षरी नाव आहे. ते छापलं जायला हवं होतं. पण ते ज्या जागी छापायचं होतं ती जागा आता जगात नाही, आणि माझ्या लेखात छापून त्याचं काही होणार नाही. म्हणून मी तेही गाळलं.